तण की गवत? : अमेरिकेतील बास-मासेमारीच्या स्पर्धा आणि परकीय पाणवनस्पतींचे नियंत्रण

१

एकाच वस्तूला एकाच भाषिक समाजात दोन नावे रूढ झाली आणि त्या दोन नावांतून परस्परविरुद्ध भाव व्यक्त होऊ लागले, म्हणजे त्या वस्तूभोवती काही हितसंबंधांचा झगडा चालू आहे, असे अनुमान करण्यास हरकत नसते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत हायड्रिला नावाच्या पाणवनस्पतीच्या बाबतीत हेच घडले. जलाशयांची व्यवस्था पाहणारी खाती तिला ‘वीड’, म्हणजे तण म्हणत आली. त्याच जलाशयांवर बास माशाच्या स्पर्धा खेळणारे मासेमार तिला ‘ग्रास’, म्हणजे गवत म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दुसरे नाव चुकीचे आहे, कारण हायड्रिलाचा तृणकुलाशी काही संबंध नाही; ती हायड्रोकॅरिटेसी या कुलातील, मुळांनी तळाशी धरून संपूर्ण देह पाण्याखाली ठेवणारी वनस्पती होय. परंतु पहिले नाव तरी शास्त्रीय आहे असे कोठे आहे? तण ही निसर्गातील जात नव्हे. जे नको तेथे उगवते ते तण. म्हणजे त्या शब्दात वनस्पतीचे वर्णन नसून माणसाचा अभिप्राय आहे. तसाच अभिप्राय ‘गवत’ या शब्दातही आहे. फक्त तो स्वागताचा आहे.

या दोन शब्दांचा झगडा सुमारे अर्धशतक चालला आहे. त्याच्या पायी जलाशयांत लाखो मासे सोडले गेले, पाण्यात औषधे ओतली गेली, आणि प्रतिष्ठित स्पर्धांची स्थाने उदयास आली व मावळली. या इतिहासातून एक गोष्ट विशेष ठळकपणे पुढे येते. वनस्पती किती असावी, या प्रश्नाचे बऱ्यापैकी उत्तर शास्त्रज्ञांना १९८० च्या सुमारासच सापडले होते. मात्र ते उत्तर ‘मध्यम’ असे होते, आणि नियंत्रणाची हाती असलेली साधने मध्यावर थांबणारी नव्हती. दोन्ही नावेही त्या मध्यमतेच्या आड आली. तण म्हटले की ते समूळ उपटायचे असते, आणि गवत म्हटले की ते जितके असेल तितके थोडेच वाटते.

२

हायड्रिला ही भारतीय वाचकाला अपरिचित नाही. काचेच्या चंचुपात्रात नरसाळ्याखाली हिरव्या डहाळ्या ठेवून वर उपड्या धरलेल्या परीक्षानळीत प्राणवायूचे बुडबुडे जमा करावयाचे, हा प्रयोग शाळेत ज्याने केला त्याने हायड्रिला हाताळली आहे. आशिया खंडातील तळी, कालवे व संथ नद्या हे तिचे जुने घर. तिच्या शास्त्रीय नावाशी जोडलेला जॉन फोर्ब्ज रॉयल हा वनस्पतिशास्त्रज्ञ सहारनपूर येथील वनस्पतिउद्यानाचा अधीक्षक होता. १८३९ साली त्याने ‘हायड्रिला व्हर्टिसिलाटा’ हे नाव निश्चित केले. नावाचा पूर्वभाग ग्रीकमधील पाणीवाचक शब्दाशी संबद्ध आहे, तर उत्तरभागातून देठाभोवती वर्तुळाकार उगवणाऱ्या पानांचा निर्देश होतो.

अमेरिकेत ती आली ती मत्स्यालयांच्या व्यापारातून. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती श्रीलंकेहून फ्लॉरिडातील टँपा शहरी एका व्यापाऱ्याकडे पोचली. त्या वेळी तिचे नाव ‘इंडियन स्टार-व्हाइन’, म्हणजे भारतीय तारावेल, असे होते. माल पसंतीस न उतरल्याने तो जवळच्या कालव्यात टाकून दिला गेला आणि तेथे तो फोफावला. १९६० च्या सुमारास फ्लॉरिडाच्या पश्चिमेकडील क्रिस्टल नदीत व मायामीनजीकच्या कालव्यांत ती रानटी अवस्थेत आढळली, तेव्हा प्रथम ती एलोडिया या दुसऱ्याच वनस्पतीचा प्रकार समजली गेली आणि ‘फ्लॉरिडा एलोडिया’ या नावाने ओळखली जाऊ लागली. भारतीय म्हणून आलेली वेल अशा रीतीने काही काळ फ्लॉरिडाची म्हणून नांदली. नावाची ही गफलत निरुपद्रवी नव्हती. शत्रू कोण हे नीट ठरेपर्यंत शत्रूने पुष्कळ मुलूख व्यापला होता. पुढे आनुवंशिक तुलनेत या दक्षिणी वाणाचे सर्वांत जवळचे नाते बंगळूरकडील नमुन्यांशी जुळले. या वाणाची अमेरिकेतील सर्व झाडे मादी आहेत; बीज न धरताही त्यांचा प्रसार तुटलेल्या तुकड्यांतून, पानांच्या बेचक्यांतील कळ्यांतून आणि तळाच्या चिखलात तयार होणाऱ्या लहान कंदांतून होतो. हे कंद चिखलात काही वर्षे जिवंत राहतात. सूर्यप्रकाशाचा शंभरावा हिस्सा मिळाला तरी या वनस्पतीचे पोषण चालते, आणि अनुकूल काळात तिची डहाळी दिवसाला एक इंचापर्यंत वाढते.

हायड्रिलापूर्वीही परकीय पाणवनस्पतींनी अमेरिकेस त्रास दिलेला होता. आपल्याकडे जिला जलपर्णी म्हणतात ती तरंगती वनस्पती १८९० च्या सुमारास फ्लॉरिडातील सेंट जॉन्स नदीत पसरली, आणि १८९९ च्या नद्या व बंदरे यांविषयीच्या कायद्याने ती काढून टाकण्याचे काम सैन्याच्या इंजिनिअर दलाकडे आले. त्या वेळी वाद नव्हता. जलपर्णीने आगबोटींची वाट अडविली होती आणि तिची बाजू घेणारा कोणी नव्हता. हायड्रिलाच्या बाबतीत प्रथमच असे घडले की, तणाला वकील मिळाला. तो वकील म्हणजे बासचा स्पर्धक.

३

अमेरिकेत ज्याला नुसते बास म्हणतात तो बहुधा लार्जमाउथ बास, म्हणजे मोठ्या तोंडाचा गोड्या पाण्यातील शिकारी मासा असतो. तो आडोशाला दबा धरून बसतो व जवळून जाणाऱ्या लहान माशावर झडप घालतो. या माशाच्या शिकारीला संघटित स्पर्धेचे रूप दिले ते रे स्कॉट याने. अलाबामातील माँटगमेरी येथील हा विमा-विक्रेता. जून १९६७ मध्ये अरकॅन्सासमधील बीव्हर लेकवर त्याने भरविलेल्या स्पर्धेत १०६ मासेमारांनी प्रत्येकी १०० डॉलर प्रवेशशुल्क भरून भाग घेतला. त्यातूनच ‘बास अँग्लर्स स्पोर्ट्समन सोसायटी’ ही संस्था उभी राहिली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांनी माशाचेच नाव बनते, ही योजना हेतुपुरस्सर होती. १९७१ मध्ये ‘बासमास्टर क्लासिक’ ही वार्षिक अजिंक्यपदाची स्पर्धा नेवाडातील लेक मीडवर प्रथम झाली आणि तिचे बक्षीस १०,००० डॉलर होते. १९७२ पासून स्कॉटने पकडलेले मासे जिवंत ठेवून, वजन करून पुन्हा पाण्यात सोडण्याचा प्रघात पाडला. त्याच सुमारास, १९७०-७१ मध्ये, त्याने अलाबामातील दोनशेहून अधिक प्रदूषक कारखान्यांविरुद्ध दावे लावले होते. स्वच्छ पाण्यासाठी न्यायालयात गेलेली ही संघटना पुढे परकीय वनस्पतीच्या बाजूने उभी राहिलेली दिसते, याचे कारण तिच्या खेळाच्या स्वरूपात आहे.

हा खेळ नैसर्गिक सरोवरांपेक्षा धरणांच्या जलाशयांवर वाढला. विसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिणेत अनेक धरणे बांधली गेली. नव्या जलाशयात बुडालेली झाडे उभी असतात, माशांना अन्न व आडोसा भरपूर मिळतो आणि पहिल्या काही वर्षांत बास झपाट्याने वाढतो. परंतु बुडालेले लाकूड कुजते, ओंडके मोडतात, तळ सपाट होतो आणि जलाशय म्हातारा होतो. ज्या काळात या जलाशयांचे बुडीत अरण्य विरळ होऊ लागले, नेमक्या त्याच काळात हायड्रिला व युरेशियन वॉटरमिल्फॉइल या वनस्पती तेथे पोचल्या. मासेमारांच्या दृष्टीने हा जलाशयाचा पुनर्जन्म होता.

शिवाय स्पर्धेच्या नियमांशी या गवताचे चांगले जमले. स्पर्धकाला अनोळखी विस्तीर्ण पाण्यावर थोड्या दिवसांत मासे शोधावे लागतात आणि दिवसाला सामान्यतः पाच माशांचेच वजन मोजले जाते. उघड्या पाण्यात मासा कोठेही असू शकतो; गवताळ पाण्यात मात्र तो गवताच्या कडेला, दाट थरातील भोकांत, दोन जातींची झाडे मिळतात त्या सीमेवर सापडतो. गवताने सरोवराला जणू नकाशा दिला. त्यातूनच या खेळाची साधने व शब्दसंपदा घडत गेली. गवताच्या जाड चटईवरून सरकणारे पोकळ रबरी बेडूक, चटई भेदून खाली जाणारी टंगस्टनची जड वजने, झाडीतून मासा ओढून काढणारी विणलेली दोरी आणि ‘फ्लिपिंग’ व ‘पंचिंग’ यांसारख्या क्रिया यांचा मोठा भाग झाडी व गवत यांच्याशीच निगडित आहे. यंत्र घडविणारा, नाव बांधणारा, नियतकालिक छापणारा आणि सरोवराकाठी खानावळ चालविणारा असा एक मोठा वर्ग हळूहळू या गवताचा हितसंबंधी झाला.

४

या झगड्याचा पहिला मोठा प्रसंग टेक्सासमधील लेक कॉनरो येथे घडला. ह्यूस्टन शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी सॅन जॅसिंटो नदीच्या पश्चिम फाट्यावर १९७३ मध्ये पुरा झालेला हा जलाशय सुमारे २१,००० एकरांचा आहे. बांधून होताच त्याच्या काठी घरे, धक्के व नौकागृहे उभी राहिली. १९७५ च्या सुमारास तेथे हायड्रिला आढळली आणि १९८० च्या आसपास तिने सरोवराचा सुमारे ४४ टक्के भाग व्यापला. बास-मासेमारांना सरोवर कधी नव्हते इतके चांगले वाटू लागले, तर ज्यांनी पाण्याकाठी घर घेतले होते त्यांना धक्क्यावरून नौका हलविता येईना.

घरमालकांच्या आग्रहातून पुढे आलेला उपाय होता ग्रास कार्प. हा मासा म्हणजे आपल्याकडील मत्स्यशेतीतला गवत्या. पूर्व आशियातील नद्यांचा हा शाकाहारी मासा १९६३ मध्ये अमेरिकेत प्रयोगासाठी आणला गेला होता. इंग्रजी असो वा मराठी, त्याच्या नावातच त्याचे काम सांगितलेले आहे. १९८१-८२ मध्ये लेक कॉनरोमध्ये २,७०,००० गवत्ये सोडण्यात आले. ऑक्टोबर १९८३ पर्यंत सरोवरात पाण्याखालची वनस्पती म्हणून काही उरले नाही. हायड्रिला गेली आणि तिच्याबरोबर स्थानिक वनस्पतीही गेल्या, कारण परकीय व स्थानिक हा भेद माशाला कळत नाही.

मासेमारांच्या दृष्टीने ही हत्याच होती. परंतु टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संशोधकांनी या घटनेचा जो दीर्घ अभ्यास केला त्यातून चित्र तितके एकरंगी निघाले नाही. झाडीत राहणाऱ्या लहान माशांची संख्या घटली. उघड्या पाण्यात थव्याने हिंडणारे थ्रेडफिन शॅड वाढले. पाण्यातील सूक्ष्म शैवाल वाढून त्याची पारदर्शकता कमी झाली. बासची पिले मात्र लहान वयातच मासे खाऊ लागली व पहिल्या वर्षी अधिक वेगाने वाढली, कारण दाट झाडीत जे भक्ष्य लपत होते ते आता उघड्यावर आले होते. म्हणजे गवत गेले तेव्हा बास मेला नाही. बदलले ते त्याचे जीवन, आणि त्याहूनही अधिक त्याला शोधण्याची रीत. मासेमारांचे नुकसान खरे होते, परंतु ते जितके माशांचे होते तितकेच त्यांच्या विद्येचेही होते.

५

कॉनरोत मासे सोडले जात असतानाच इतरत्र या प्रश्नाचे संख्यात्मक उत्तर मिळू लागले होते. फ्लॉरिडातील कोल व शायरमन यांनी १९८० मध्ये हायड्रिलाग्रस्त सरोवरांतील माशांच्या प्रकृतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. हायड्रिलाचे आच्छादन ३० टक्क्यांच्या वर गेले की मोठे बास रोडावतात, असे त्यांना आढळले. घनदाट झाडीत शिकाऱ्याला शिकार दिसत नाही, आणि दिसली तरी गाठता येत नाही. दुसरीकडे टेक्सासमधील ड्युरोशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ३० जलाशयांची तुलना करून दाखविले की, पाण्याखालची वनस्पती २० टक्क्यांपर्यंत वाढत जाते तसतसे बासचे प्रमाणही वाढते. फ्लॉरिडातील ऑरेंज लेकवर तर १९७७ च्या सुमारास हायड्रिलाने बहुतेक सारे पाणी व्यापले तेव्हा मासेमारांचेच येणे कमालीचे घटले होते. गवताच्या चाहत्यांनाच गवतातून नाव हाकता येईना.

हे निष्कर्ष एकत्र वाचले असता असे दिसते की, वीस ते तीस टक्क्यांच्या आसपासचा पट्टा माशालाही मानवतो व माणसालाही फारसा जाचत नाही. तण म्हणणारे आणि गवत म्हणणारे दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. चूक होती ती आपला शब्द सर्व प्रमाणांना सरसकट लावण्यात. दहा टक्के हायड्रिला ही एक वस्तू आहे आणि ऐंशी टक्के हायड्रिला ही दुसरी. भाषेत मात्र दोहोंस एकच नाव राहिले.

वॉशिंग्टननजीकच्या पोटोमॅक नदीचे उदाहरण हा विचार अधिक स्पष्ट करते. या नदीच्या भरतीच्या पट्ट्यातील पाणवनस्पती कित्येक दशकांपूर्वीच नष्टप्राय झाल्या होत्या. सांडपाण्याचे शुद्धीकरण सुधारले, आणि १९८२ मध्ये तेथे हायड्रिला आढळली. तिच्या पाठोपाठ वनस्पतींचे ताटवे पुन्हा वाढले, पाणी निवळले, पाणपक्षी परतले, आणि ती नदी बास-स्पर्धांचे नामांकित क्षेत्र बनली. नौका अडल्या तेथे यंत्राने वाटा कापण्यात आल्या. परकीय वनस्पतीने उजाड नदीला आधार दिला, हे सत्य कोणत्याच पक्षाच्या शब्दकोशात नीट बसत नव्हते.

६

मध्यम प्रमाण माहीत झाले तरी तेथे सरोवर ठेवावयाचे कसे, हा प्रश्न सुटला नाही. अलाबामातील गंटर्सव्हिल जलाशयाचा इतिहास याची साक्ष देतो. टेनेसी नदीवरील हे धरण १९३९ मध्ये पुरे झाले. जलाशयाचा विस्तार सुमारे ६८,००० एकर. टेनेसी खोरे प्राधिकरणाच्या जलाशयांत वॉटरमिल्फॉइल १९५० नंतर शिरले. प्राधिकरणाने १९६० नंतरच्या दशकात २,४-डी हे तणनाशक वापरून व पाण्याची पातळी खाली उतरवून त्याच्याशी सामना केला, परंतु ते हटले नाही. १९७६ ची बासमास्टर क्लासिक याच जलाशयावर झाली व रिक क्लन याने ती जिंकली. १९८२ मध्ये तेथे हायड्रिलाही आली. त्यानंतरच्या अवर्षणाच्या वर्षांत प्रवाह मंद व पाणी स्वच्छ राहिल्याने १९८८ मध्ये वनस्पतींचे क्षेत्र सुमारे २०,००० एकरांवर गेले. काठावरचे रहिवासी व वीज आणि जलवाहतूक सांभाळणारे अधिकारी एका बाजूस, तर मासेमार व त्यांच्यावर पोट असलेले व्यावसायिक दुसऱ्या बाजूस, अशी उघड फळी पडली.

कॉनरोचा धडा येथे ध्यानात घेतला गेला. १९९० मध्ये १,००,००० गवत्ये सोडण्यात आले. जलाशयाचा विस्तार पाहता ही संख्या कॉनरोच्या मानाने फारच अल्प होती. हेतू निर्मूलनाचा नव्हता. पुढील काही वर्षांत वनस्पती बऱ्याच घटल्या; मात्र त्यात माशांचा वाटा किती आणि वाढलेल्या प्रवाहाचा व गढूळ पाण्याचा किती, हे वेगळे करणे सोपे नव्हते. नंतर गवत परतले, आणि त्याच्याबरोबर स्पर्धाही. २०१४ व २०२० या दोन्ही वर्षी क्लासिक पुन्हा गंटर्सव्हिलवर झाली.

दक्षिण कॅरोलायनातील सँटी कूपर जलाशयांनी दुसरा मार्ग धरला, कारण तेथे संकट अधिक मोठे होते. १९९१ मध्ये हायड्रिलाच्या राशींनी सेंट स्टीव्हन येथील वीजकेंद्र बंद पाडले. १९८९ ते १९९६ या काळात तेथे सात लाखांहून अधिक गवत्ये सोडले गेले. हे मासे त्रिगुणित गुणसूत्रांचे, म्हणून वंध्य होते. कॉनरोतील पहिल्या माशांची प्रजा वाढण्याचे जे भय होते ते येथे नव्हते. परंतु वंध्य मासाही दहा वर्षांहून अधिक जगतो आणि तोवर खातच राहतो. हायड्रिला जवळजवळ नाहीशी झाली, आणि मासे म्हातारे होऊन मरेपर्यंत दुसरे गवतही डोके वर काढू शकले नाही.

गवत्याचा हा स्वभाव साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे. थोडे मासे सोडले तर वनस्पतीची वाढ त्यांच्या भुकेला मागे टाकते. पुरेसे सोडले तर भूक वाढीला मागे टाकते, आणि एकदा ती पुढे गेली की तळ उघडा पडल्याशिवाय थांबत नाही. सोडलेला मासा परत बोलाविता येत नाही. या तराजूचा काटा मधोमध क्षणभरच राहतो.

७

औषधांकडून अधिक आशा होती. १९८६ मध्ये वापरास परवानगी मिळालेले फ्लुरिडोन हे पाण्यात अब्जांश भागांत मोजावे इतक्या अल्प प्रमाणात, परंतु कित्येक आठवडे टिकवून वापरावे लागते. त्या अल्प प्रमाणात हायड्रिला पांढरी पडून मरते आणि पुष्कळ स्थानिक वनस्पती वाचतात. मासेमार व घरमालक यांच्यात समेट घडविणारे साधन म्हणून फ्लॉरिडातील मोठ्या सरोवरांवर त्याचा वापर वर्षानुवर्षे झाला. परंतु २००० च्या सुमारास काही सरोवरांत ते लागू पडेनासे झाले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने कारण दाखविले: एका जनुकातील एका बदलाने हायड्रिलाला प्रतिकारशक्ती लाभली होती. बीज न धरणाऱ्या, नुसत्या तुकड्यांनी वाढणाऱ्या वनस्पतीत असे होणार नाही, असा समज होता. तो खोटा ठरला. अधिक महाग व कमी निवडक औषधांकडे वळणे भाग पडले, आणि जेथे औषध पडले तेथे स्पर्धकांचा रोषही वाढला.

तिसरे साधन होते नैसर्गिक शत्रूंचे. हायड्रिलाच्या मायदेशी, भारतात, तिची पाने पोखरणारी एक लहान माशी सापडली होती. १९८७ मध्ये ती फ्लॉरिडात सोडण्यात आली. ती तेथे रुजली व पसरली, परंतु वनस्पतीच्या वेगाला पुरी पडली नाही. मध्यमतेने वागणारा हा एकमेव उपाय प्रभावातही मध्यम निघाला.

या सर्व प्रयत्नांच्या भाषेतही काळाची खूण उमटली आहे. १९६१ मध्ये फ्लॉरिडात या विषयाच्या अभ्यासकांची जी संस्था स्थापन झाली तिचे नाव ‘हायसिंथ कंट्रोल सोसायटी’, म्हणजे जलपर्णी-नियंत्रण संस्था, असे होते. १९७६ मध्ये तिने ‘अॅक्वाटिक प्लँट मॅनेजमेंट सोसायटी’ हे नाव घेतले व आपल्या नियतकालिकाचेही नाव त्याप्रमाणे बदलले. एका वनस्पतीच्या जागी सर्व पाणवनस्पती आल्या, आणि ‘नियंत्रण’ जाऊन ‘व्यवस्थापन’ आले. शब्द बदलला म्हणून साधने बदलली नाहीत, हे खरे. परंतु ज्याचे व्यवस्थापन करावयाचे ते नष्ट करावयाचे नसते, एवढी कबुली त्या शब्दात आहे.

८

मासेमारांच्या शब्दातही अशाच एका कबुलीची उणीव होती, आणि ती दोन दिशांनी उघड झाली. पहिली दिशा गरुडांची. १९९४-९५ च्या हिवाळ्यात अरकॅन्सासमधील डीग्रे लेकवर २९ पांढऱ्या डोक्याचे गरुड मेले. हा पक्षी अमेरिकेच्या राजचिन्हावर आहे. त्यांच्या मेंदूत विचित्र पोकळ्या आढळल्या. कारणाचा शोध पाव शतक चालला. हायड्रिलाच्या पानांवर वाढणारा एक निळा-हिरवा सूक्ष्मजीव विष तयार करतो. आपल्याकडील चांदव्याचा सगोत्र असलेला कूट पक्षी ती पाने खातो, आणि लुळा पडलेला कूट गरुडाच्या तोंडी जातो. या विषाची रासायनिक ओळख २०२१ मध्ये पटली. बासला आसरा देणारे गवत गरुडाला मारते, ही गोष्ट ‘गवत’ या प्रेमळ शब्दाखाली झाकता येण्यासारखी नव्हती.

दुसरी दिशा जायंट साल्व्हिनिया या तरंगत्या वनस्पतीची. १९९८ पासून ती टेक्सास व लुइझियाना यांच्या सीमेवरील टोलेडो बेंड या प्रसिद्ध बास-जलाशयात व पुढे कॅडो लेकमध्ये पसरली. ती पाण्यावर जाड गालिचा घालते, खालचा प्रकाश तोडते आणि पाण्यातील प्राणवायू घटविते. तिला कोणाही मासेमाराने आपलेपणाने गवत म्हटले नाही. तिच्याविरुद्ध भुंगे पाळून सोडण्याच्या कार्याचे मासेमारांनी स्वागतच केले. यावरून त्यांचा आक्षेप नियंत्रणाला नसून निर्मूलनाला होता, हे ध्यानात येते. परंतु याच प्रसंगी एक अप्रिय सत्यही समोर आले. अशा वनस्पती एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातात त्या पुष्कळदा नावांच्या गाड्यांना चिकटून, आणि जलाशयामागून जलाशय फिरणारा स्पर्धक हा अशा गाड्यांचा मोठा धनी. नाव धुऊन, पाणी काढून, वाळवूनच दुसरीकडे न्यावी, हा दंडक आता बहुतेक ठिकाणी घातला जातो. खेळाला ज्याने वाढविले तेच खेळ स्वतः वाहून नेत होता.

लेक कॉनरोची कथा १९८३ मध्ये संपली नाही. पहिले गवत्ये वयोमानाने संपले, तशी हायड्रिला परत आली. २००६ ते २००८ या काळात वंध्य गवत्ये सोडून ती पुन्हा नाहीशी करण्यात आली. या वेळी मात्र स्थानिक बास-क्लबांनी नुसता निषेध केला नाही. वन्यजीव खात्याच्या सहकार्याने त्यांनी देशी पाणवनस्पती वाढवून, जाळीच्या कुंपणात राखून काठावर लावल्या. भुकेल्या माशांपुढे हे काम चिकाटीचे होते व यश अल्प होते. तथापि मासेमार आता ‘गवत’ म्हणजे कोणते गवत, असे विचारू लागले होते. २०१७ मध्ये क्लासिक लेक कॉनरोवर झाली, तेव्हा हायड्रिलाचे पूर्वीचे रान तेथे नव्हते. तरीही बास होता व स्पर्धाही झाली.

या इतिहासाचे तात्पर्य दोन्ही पक्षांना थोडे थोडे कडू लागेल असे आहे. तणाचा समूळ नाश करू पाहणाऱ्यांनी सरोवरे उजाड केली आणि काही वर्षांनी तेच तण पुन्हा पाहिले. गवताची तरफदारी करणाऱ्यांनी एका मर्यादेपर्यंत माशांचे हित साधले, परंतु ती मर्यादा ओलांडली जाताना ते गप्प राहिले. वीस ते तीस टक्क्यांचा तो मधला पट्टा कोणत्याही एका साधनाने एकदाच गाठून कायमचा राखता येत नाही. तेथे दरवर्षी मोजमाप, दरवर्षी वाटाघाटी आणि दरवर्षी खर्च लागतो. एवढा संयम ज्या जलाशयांवर दाखविला गेला तेथे घरमालक आणि स्पर्धक एकाच पाण्यावर नांदू शकले. तण आणि गवत यांच्या मधल्या अवस्थेला इंग्रजीत अद्याप स्वतंत्र शब्द नाही. परंतु ज्याला नाव नाही अशा त्याच अवस्थेवर या सरोवरांचे आणि त्या खेळाचेही भवितव्य अवलंबून आहे.